अडल्या माणसाची दारे : येरमाळा परिसरातील सल्ल्याचा आणि मदतीचा इतिहास

येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीच्या दर्शनाला येणारा माणूस बहुतेक वेळा एक तर काही विचारायला आलेला असतो, नाही तर कबूल केलेले फेडायला. लेकीचे लग्न जमत नाही, बोअरला पाणी लागेल का, भावकीत बांधावरून वाद पेटला, दवाखाने करूनही दुखणे हटेना, घरातून निघून गेलेला मुलगा कुठे असेल, अशा अडचणी घेऊन कोणाकडे जायचे याचा एक जुना आणि बऱ्यापैकी ठरलेला क्रम धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील या गावाच्या पंचक्रोशीत तयार झालेला आहे. देवी, देवरुषी, जोशी, पाटील, सावकार, अर्जनवीस, पुढारी, डॉक्टर, समुपदेशक अशी ही रांग आहे. नवे दार उघडले म्हणून जुने बंद झाले, असे इथे फारसे घडलेले नाही. रांग लांबत गेली.

गावाची जागाही या रांगेला पोषक आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता तिथेच त्याला छेदतो. दक्षिणेला तुळजापूर, पश्चिमेला बार्शीची पेठ, पूर्वेला लातूरचा बाजार. येडेश्वरीला तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात, त्यामुळे तुळजापूरला गेलेला भाविक वाट वाकडी करून येरमाळ्यालाही येतो. चैत्र पौर्णिमेची यात्रा सर्वांत मोठी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईतल्या देवळाकडे निघते आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात लाखो माणसे चुनखडीचे खडे वेचून ढीग घालतात. हा चुना देवीच्या देवळासाठी, अशी त्यामागची परंपरा आहे. पालखी पाच दिवस आमराईत राहून परत डोंगरावर जाते. या दिवसांत येरमाळ्यात जमणाऱ्या गर्दीत आराधी आणि आराधिणी ठळकपणे दिसतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पोत, तोंडी येडामायची गाणी.

देवीला विचारण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला नवसाचा. यात देवीकडून उत्तर मागायचे नसते, सौदा करायचा असतो, तोही उधारीचा. काम झाले तर अमुक करीन. साडीचोळी, नैवेद्य, पायी वारी, लेकराच्या वजनाइतका गूळ किंवा जावळ देवीच्या दारात. कुठल्या घरात दुखण्यातून उठलेल्या लेकराच्या नावाने परडी घेतली जाते आणि मग मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागण्याचा नेम लागतो. नवसात एक व्यवहारी शहाणपण आहे, ते सहसा दुर्लक्षिले जाते. अडचणीच्या वेळी माणसाच्या हातात पैसा नसतो. वैद्याला, वकिलाला, साहेबाला आधी द्यावे लागते. देवीला नंतर, आणि काम झाले तरच.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. आराधिणीच्या किंवा एखाद्या भक्ताच्या अंगात देवीचे वारे येते, तेव्हा भोवती बसलेली माणसे प्रश्न टाकतात. प्रश्न बहुधा तिसऱ्या माणसाने मांडायचा, ज्याचा आहे त्याने मान खाली घालून ऐकायचे. उत्तरात आज्ञा असते, दोष असतो, कधी धीर असतो: कुळाचार चुकला, खंडोबाचा मान राहिला, पाच पौर्णिमा कर. बाईच्या दृष्टीने या मार्गाला एक वेगळेच महत्त्व होते. एरवी सासरी जिचे कोणी ऐकत नाही, तिच्या अंगात वारे आले की सासूलाही हात जोडावे लागतात. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत दटावण्याची मुभा गावगाड्याने तिला दुसऱ्या कोणत्याही रूपात दिली नव्हती.

तुळजापुरात विचारण्याची याहून नेमकी सोय आहे. भवानीच्या देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्याच्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हलला नाही तर काम लांबणीवर. शिवाजी महाराज मोहिमेआधी या दगडाला कौल लावत, अशी आख्यायिका तिथे सांगतात. कोकणात आणि गोव्यात देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावून प्रसाद घेण्याची रीत आहे, तिचाही नियम असाच, उजवे-डावे. अशा कौलात उत्तराला फक्त दोन-तीन शक्यता असतात. म्हणून खरे काम प्रश्न तयार करताना होते. ‘माझे काय होईल’ असे दगडाला विचारता येत नाही. ‘धाकट्याला वाटणी द्यावी का’ असे विचारावे लागते. तिथपर्यंत येताना घरात चर्चा झालेली असते, पर्याय एकावर आलेले असतात, आणि ज्याला निर्णय नको असतो त्यालाही दगडाचा निकाल मानण्यात कमीपणा वाटत नाही.

देवीच्या खालोखाल देवरुषी. ‘बाहेरचे काही आहे का बघून येणे’ हा या भागातला नित्याचा वाक्प्रयोग. देवरुषी दाणे टाकून पाहतो, अंगारा देतो, लिंबू उतरवतो, गंडादोरा बांधतो. मुस्लिम पिराच्या ठाण्यावर फातिहा देऊन दोरा बांधणारा मुजावरही याच रांगेतला. धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यावर आणि परंड्याच्या ख्वाजा बद्रुद्दीनांच्या दर्ग्यावर नवस बोलायला हिंदू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. दुखण्याच्या बाबतीत दाराचा धर्म कोणी विचारत नसे. देवरुषाकडे जाण्याचा फायदा असा, की तो वेळ देतो. घरात कोण कोण आहे, दुखणे कधी सुरू झाले, त्याआधी काय घडले, हे सगळे तो विचारतो. तोटा त्याच प्रश्नांत दडलेला. दुखण्याचे कारण शोधताना बोट कोणाकडे तरी रोखावे लागते, आणि ते बोट बहुधा शेजारच्या विधवेकडे, जावेकडे किंवा नव्या सुनेकडे वळते. करणीच्या संशयाने दोन घरांत पिढ्यांचे वैर उभे करणारा सल्ला फुकट असला तरी महागात पडे.

देवळात आणि देवरुषाकडे माणसाला जावे लागते. दारावर येणाऱ्या सल्लागारांचा वर्ग वेगळाच होता. पहाटे मोरपिसाच्या टोपीचा वासुदेव, त्याच्याही आधी अंधारात झाडावर किंवा वेशीपाशी बसून भविष्य बोलणारा पिंगळा, दिवस वर आल्यावर कुडमुडे वाजवत येणारा जोशी, हात पाहणारा मेढंगी जोशी, मरीआईचा गाडा घेऊन फिरणारा पोतराज, आणि या सगळ्यांत पोरांचा लाडका नंदीवाला. ‘यंदा पाऊस पडेल का?’ असे विचारले की नंदीबैल मान हलवतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात अशा फिरस्त्यांचा सविस्तर हिशेब मांडला. कुणब्याच्या घरातून धान्य कोणकोणत्या वाटांनी बाहेर जाते याची त्यांना चीड होती, आणि हिशेबापुरते त्यांचे बरोबरच होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ (१९६४) या पुस्तकात याच मंडळींकडे परंपरेचे वाहक म्हणून पाहिले.

दोघांच्याही नजरेतून काहीसे निसटलेले एक कारण फिरस्त्यांच्या टिकून राहण्यामागे असावे. पिंगळा दुसऱ्या दिवशी गावात नसतो. शेजारणीला किंवा पाटलाला सांगितलेली घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. पिंगळ्याला सांगितलेली त्याच्याबरोबर निघून जाते. दहा गावे हिंडलेल्या त्याच्या अनुभवात अशाच अडचणीची दहा घरे असतात. उलट जमीन, पाणी, सोयरीक यांविषयी त्याला काहीच कळत नाही, कारण त्यासाठी गावचीच माणसे लागतात. मनात साचलेले बोलायला परका आणि बांध मोजायला गाववाला, ही वाटणी पुढच्या काळातही कायम राहिलेली दिसते.

गावाच्या सामाईक चिंतेसाठी सामाईक विचारणाही होती. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास होमाच्या रात्री देशमुखांच्या वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू समोर ठेवलेल्या धान्य-फळांपैकी कशाला तोंड लावते, बिचकते का, शांत राहते का, यावरून वर्षाचा पाऊस आणि भाव यांचा अंदाज बांधतात. सोलापुरात सांगितलेले हे भाकीत अजूनही शेजारच्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत छापून येते.

गावाच्या आत सल्ला हा वतनाचा भाग होता. ग्रामजोशी बलुतेदार. मुहूर्त, पत्रिका, पेरणीची वेळ, प्रवासाची दिशा ही त्याची कामे आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा वाटा. पाटील तंटा तोडी, कुलकर्णी कागद लिही. शिवेचा वाद निघाला तर महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. शिव चालून दाखवण्याचा अधिकार त्याचा, कारण गावाच्या हद्दीची पिढीजात राखण त्याच्याकडे. ज्या माणसाला गावात पाणवठ्यावर येऊ देत नसत, त्याच्याच साक्षीवर गावाची जमीन ठरे, ही विसंगती कोणाला खटकत नव्हती.

मोठा वाद गोतसभेत जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही पक्षांचे ऐकत आणि निकालाचा महजर लिहून त्यावर सह्या करत. लिहिता न येणारा पाटील नावापुढे नांगराचे चिन्ह काढी. जुन्या कागदांत ‘निशाणी नांगर’ म्हणून ते सापडते. पुरावा अपुरा पडला तर दिव्य. रवा दिव्यात तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून त्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचे. धर्म-प्रायश्चित्ताचा प्रश्न असेल तर तो पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जाई. ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले ही परंपरेतली कथा याच अधिकाराची आठवण आहे. गोतसभेचा मोठा गुण हा, की निकाल देणारी माणसे आणि तो पाळणारी माणसे एकाच गावात राहत, त्यामुळे निकाल तडजोडीचा निघे. दोषही त्यातूनच आला. बाईला आणि गावकुसाबाहेरच्याला तिथे आपली बाजू स्वतः मांडण्याची सोय जवळजवळ नव्हती, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच पंच असला तर दाद मागायला जागा उरत नसे.

या पारंपरिक सल्ल्यावर मराठीत थेट वार महात्मा फुले यांनी केला. १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहपीडेची भीती घालतो आणि नवरा-बायकोला अनुष्ठान, ब्राह्मणभोजन अशा खर्चात उतरवतो. विदूषक मधूनमधून जोशाचे बिंग फोडत राहतो आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. भीती आधी निर्माण करायची आणि मग तिच्यावर उपाय विकायचा, हा धंद्याचा क्रम फुल्यांनी इतका अचूक टिपला आहे, की जोशाच्या जागी आजचा कोणताही बनावट सल्लागार ठेवला तरी संवाद फारसे बदलावे लागणार नाहीत. जोशाचे दार मात्र फुल्यांच्या टीकेपेक्षा छापील कागदाने अधिक अरुंद केले. सोलापूरचे दाते पंचांग घरोघर गेले, आणि १९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले. साध्या मुहूर्तासाठी कोणाला बोलवायची गरज राहिली नाही, शिवाय पानाच्या मागच्या बाजूला आरोग्यापासून पाककृतींपर्यंतचा मजकूर फुकट मिळू लागला.

एकोणिसाव्या शतकात सरकार नावाचे नवे दार या भागात उघडले, पण त्याची भाषा परकी होती. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक मेडोज टेलर तिथला अधिकारी झाला आणि त्याने आपले ठाणे तुळजापुरात केले. १८६० मध्ये प्रदेश निजामाकडे परत आला. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या जिल्हाबंदीने १८६५ पासून अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर अशी उतरंड बसली. गावात पोलिस पाटील, माली पाटील आणि पटवारी असे तीन हुद्दे झाले. जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गला होते, ते १९०४ मध्ये धाराशिवला आले आणि पुढे निजाम मीर उस्मान अलीखानाच्या नावावरून शहर उस्मानाबाद झाले. २०२३ मध्ये जुने नाव परत मिळाले.

दरबाराची आणि कचेरीची भाषा आधी फारसी, मग १८८० च्या दशकापासून उर्दू. येरमाळ्याच्या कुणब्याच्या तोंडात मराठी. या दोहोंमधल्या अंतरावर एक धंदा उभा राहिला, तो अर्जनवीसाचा. तहसीलच्या ओट्यावर, झाडाखाली, कलमदान आणि कागद घेऊन तो बसे. अडलेल्याने आपली कैफियत मराठीत सांगायची, त्याने दरखास्त उर्दूत लिहायची. सांगणारा दोन तास रडे, अर्जात आठ ओळी उतरत. हे नुसते भाषांतर नव्हते. कोणती गोष्ट सांगायची, कोणती गाळायची, कोणाचे नाव वर घ्यायचे, पेशीच्या दिवशी काय बोलायचे, हे तोच ठरवी. एका अर्थाने तो गरिबाचा वकील होता, आणि विरुद्ध पक्षाचा अर्जही बहुधा त्याच्याच हातून निघत असे. मिसल, पेशी, दरखास्त, गिरदावर, पेशकार हे शब्द मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत संस्थान जाऊन पाऊणशे वर्षे झाली तरी ऐकू येतात. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरजही अचानक परत आली: २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याच पणजोबांचा कागद वाचून घेण्यासाठी माणसे पुन्हा जाणकाराच्या दारात उभी राहिली.

संस्थानात दाद मिळाली नाही तर सरहद्द जवळच होती. बार्शी हे इंग्रजी अमलातल्या सोलापूर जिल्ह्यातले गाव. तिथे मराठी वर्तमानपत्रे येत, कोर्ट मराठीला परके नव्हते, डॉक्टर-वकील मिळत. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचल्यावर हे जाणेयेणे आणखी वाढले. अडचणीत बार्शीला जाण्याची सवय पुढेही टिकली. बार्शीतली नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयासारखी रुग्णालये धाराशिव जिल्ह्यातल्या रुग्णांना आजही जवळची वाटतात.

पैशाच्या अडचणीचा सल्लागार सावकार आणि आडत्या. बार्शी किंवा लातूरच्या आडतीवर माल घालणारा शेतकरी हंगामाआधी तिथूनच उचल घेतो. त्या उचलीबरोबर आणखी बरेच काही मिळे: शहरात रात्रीचा मुक्काम, दवाखान्यातली ओळख, पोराच्या शाळेसाठी चिठ्ठी, लग्नात उधारीवर किराणा. या सगळ्याची किंमत वेगळी लिहिली जात नसे, ती मालाच्या भावात आणि तोलात वळती होई. सल्ला देणाऱ्याचा सल्ल्यात स्वार्थ आहे हे घेणाऱ्याला पुरते ठाऊक असे, तरी तो जाई, कारण वेळेला रोख रक्कम देणारा दुसरा कोणी नव्हता. सहकारी सोसायट्या आणि राष्ट्रीयीकृत बँका आल्यावर हे दार बंद होईल असा अंदाज होता. पण थकबाकीदार शेतकऱ्याला नवे पीककर्ज मिळेनासे झाले की तो पुन्हा आडतीची पायरी चढतो.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कचेरीची भाषा मराठी झाली आणि अर्जनवीसाचे महत्त्व एका पिढीत ओसरले. पटवाऱ्याच्या जागी तलाठी, १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती, १९६७ च्या कायद्याने वंशपरंपरेऐवजी नेमणुकीने येणारा पोलीस पाटील. गावात पत्र वाचून दाखवणारा आणि लिहून देणारा शाळामास्तर किंवा पोस्टमन हा त्या दोन-तीन दशकांतला सर्वांत विश्वासाचा माणूस. मुंबईला गिरणीत गेलेल्या नवऱ्याचे आणि घरी राहिलेल्या बायकोचे संबंध त्याच्या अक्षरात चालत.

पण या काळाचा खरा मानकरी पुढारी. तालुक्याला वट असलेला कार्यकर्ता सकाळी ओसरीवर बसतो आणि माणसे जमतात. कोणाचा सातबारा अडलेला, कोणाची डीपी जळालेली, कोणाचा पोरगा ठाण्यात बसवलेला. तो फोन करतो किंवा सोबत जातो. ‘साहेबांना सांगतो’ या दोन शब्दांवर मराठवाड्याच्या राजकारणाची निम्मी बांधणी उभी आहे. सल्ल्याचे मोल इथेही रोख नव्हते, ते मतदानाच्या दिवशी वळते व्हायचे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. सर्वाधिक हानी औसा, उमरगा आणि लोहारा भागात झाली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती. तिथे लोकांनी सरकारी अर्थसाह्यातून आपापली घरे दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची होती. इथे सल्ल्याची अडचण नव्याच रूपात पुढे आली. दगड-मातीच्या भिंतीत आडवे लांब दगड कुठे घालायचे, कोपऱ्यांना बांध कसा द्यायचा, अनुदानाचा हप्ता कशावर मिळतो, हे अभियंत्याला माहीत होते आणि बाईमाणसाला नव्हते. घरात दिवसभर राहणारी मात्र तीच. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. त्या घरोघर जात, योजना समजावून सांगत, बांधकामावर नजर ठेवत आणि तक्रार अभियंत्यापर्यंत नेत. आतापर्यंतच्या बहुतेक दारांत बाई विचारायला जात होती. गावात औपचारिकपणे सल्ला देणारी म्हणून ती या भागात इतक्या मोठ्या संख्येने पहिल्यांदा उभी राहिली. सुरुवातीला पुरुषांनी हसून घेतले. नंतर अनुदानाचा कागद तिच्याकडेच सापडतो हे ध्यानात आले. या मंडळांतून पुढे बचत गट वाढले, आणि दुष्काळाच्या वर्षांत घरच्या शेतातला एक एकर बाईच्या हातात देऊन त्यात भाजीपाला-कडधान्ये घेण्याचा प्रयोगही याच फळीतून पसरला.

त्याच सुमारास तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर इथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कामाची कल्पना साधी होती: रात्री ताप आला तर गाठता येईल अशी, आपल्याच बोलीत बोलणारी बाई. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा सेविका आल्या, तेव्हा अणदूर परिसराला ही कल्पना नवी नव्हती.

घरातल्या छळाबद्दल विचारायला मात्र उशिरापर्यंत माहेराखेरीज दार नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या कार्यालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि ती पद्धत पुढे राज्यातल्या जिल्ह्यांत गेली. पोलीस ठाण्याच्या आवारात पण वर्दीबाहेरची समुपदेशक, ही तिची खुबी. १९९५ पासून अमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुका पातळीवर मोफत वकील आणि लोकअदालत दिली. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने गावातच तंटे मिटवायचे आणि गावाने बक्षीस मिळवायचे. गोतसभेचे हे सरकारी रूप. बांध, रस्ता, पाणी अशा तंट्यांत त्याचा उपयोग झाला. बक्षिसाच्या ओढीने नवरा-बायकोचे आणि जातीय अत्याचाराचे प्रकरणही ‘मिटवून टाका’ म्हणण्याची घाई काही ठिकाणी झाली. गोतसभेचा दोष नव्या समितीतही उतरला.

देवरुषाच्या दारावर कायद्याची पाटी लागायला २०१३ साल उजाडावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडत होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याने देवीला नवस बोलणे, परडी घेणे, जोगवा मागणे यांना हात लावलेला नाही. अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून लोकांना घाबरवणे-फसवणे, करणीचा आरोप करून एखाद्याचे जगणे नकोसे करणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखणे हे गुन्हे ठरवले. धीर देणे आणि धाक घालणे यांच्यात रेष ओढण्याचा हा प्रयत्न आहे. यात्रेच्या गर्दीत ती रेष नेहमी दिसेलच असे नाही.

शेतीच्या सल्ल्याची कथा थोडक्यात अशी, की पेरणीपूर्वी विचारायचा माणूस बापाऐवजी कृषी सेवा केंद्राचा दुकानदार झाला. कपाशीवर, सोयाबीनवर, तुरीवर काय पडले आहे ते फांदी तोडून त्याच्या काउंटरवर ठेवायचे आणि तो देईल ती बाटली न्यायची. उधारीही तोच देतो, म्हणजे आडत्याचे आणि जोशाचे दोन्ही धंदे एका छपराखाली आले. कृषी सहायक आहे, पण त्याच्याकडे गावे अनेक. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि २००५ मध्ये ‘ॲग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक आले. दोहोंचा फायदा झाला तो आधीपासून विचारणाऱ्यांना. जो विचारत नाही त्याचे काय, हा प्रश्न सलग दुष्काळाच्या वर्षांत फार कठोरपणे पुढे आला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान हाती घेतले. गावपातळीवर समित्या, अडचणीतल्या कुटुंबांची पाहणी आणि समुपदेशन असा त्याचा आराखडा होता. कर्ज आणि नापिकी यांच्याइतकीच जड गोष्ट, आपल्याला मदत लागते आहे हे पुरुषाने तोंडाने बोलणे, या जिल्ह्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर आली. पूर्वी ते ओझे पिंगळ्याजवळ उतरत असे. तो आता पहाटे येत नाही.

येरमाळ्याच्या चौकातली आजची दारे म्हणजे झेरॉक्सची दुकाने, मोबाइलची दुकाने आणि आपले सरकार सेवा केंद्र. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्ड, २०२४ मधला लाडकी बहीण योजनेचा अर्ज, सगळे पडद्यावर भरायचे आणि पडदा शेतकऱ्याला उर्दूइतकाच अगम्य. केंद्रातला पोरगा विचारतो, ऐकतो, काय लिहायचे ते ठरवतो आणि पैसे घेतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर स्वतःच्या पिकाची नोंद करावी म्हणून. स्मार्टफोन नसलेल्यांनी आणि शिवारात रेंज न मिळणाऱ्यांनी पुतण्याला, शेजाऱ्याला, तलाठ्याला गाठले. राहिलेल्या नोंदींसाठी पुढे सरकारनेच गावोगाव सहायक नेमले.